घाटाखालच्या शाळा : कर्जत-खालापूर आणि कॅथॉलिक प्राथमिक शिक्षणाची वाटचाल

२०२५ हे कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या सेंट पीटर्स महामंदिराचे पवित्र द्वार उघडले. पुढच्याच एप्रिलमध्ये ते ख्रिस्तवासी झाले आणि वर्षाची सांगता ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे यांनी केली. याच वर्षात एक साठीही पूर्ण झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला तो २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. हे दोन्ही योग साधून स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत उभे राहून कॅथॉलिक प्राथमिक शाळेचा इतिहास सांगावा, असे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपवले. एकेका शाळेची स्थापना, इमारती, मुख्याध्यापिकांची नामावली हे ज्या त्या शाळेने आपापल्या पानांवर द्यायचे आहे. मला सांगायचे आहे ते या शाळा ज्या परंपरेतून आल्या तिच्याविषयी.

प्रवेशाच्या दिवसांत पालक आपापसात बोलतात ते ऐकावे. “कॉन्व्हेंटला शिस्त चांगली.” “इंग्रजी पक्कं होतं.” दोन्ही खरे आहे. पण इंग्रजी नव्हते, गणवेश नव्हता, पक्की इमारत नव्हती तेव्हाही ही शाळा होती. तिचे वेगळेपण पहिलीच्या वर्गात शोधावे लागते. पहिली-दुसरीला शिकवणे हे कमी प्रतीचे काम न मानता त्यासाठी आयुष्य वाहिलेली माणसे या परंपरेने पिढ्यानपिढ्या दिली, आणि त्या माणसांनी मुलाला त्याच्या घरासकट ओळखले. पुढची सगळी दशके मी या एकाच गोष्टीच्या अंगाने पाहिली आहेत.

१५३० ते १५९० : किनाऱ्यावरची सुरुवात

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरू उत्तर कोकणात आले. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांनी वसईपासून मंडपेश्वरापर्यंत चर्च उभारली. जिथे चर्च तिथे शेजारी मुलांना बसवून अक्षर, प्रार्थना आणि गायन शिकवायचे, ही रीत तेव्हाची. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा मुलगा जेझुइटांच्या हाताखाली शिकला, जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला हुतात्मा झाला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले हे पहिले संत उत्तर कोकणातल्या एका प्राथमिक वर्गात शिकले होते, याचा आम्हा शिक्षणातल्या माणसांना अभिमान वाटतो.

गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात करून ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावे ही जाण तेव्हापासूनची आहे, मध्यंतरी ती कितीही मागे पडलेली असो. त्या काळी सत्ता आणि धर्म यांची सरमिसळ झाली, तिचा लेखाजोखा इतिहासकारांनी मांडला आहे. इथे शाळेपुरतेच बोलू.

आजच्या रायगडात पोर्तुगीजांचा पाय मुख्यतः चौल, रेवदंडा, कोर्लई या खाडीकाठच्या पट्ट्यात होता. सह्याद्रीच्या पायथ्याचा कर्जत-खालापूरचा मुलूख त्यांच्या हाती कधी आला नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षी चौलही सुटले. घाटाखाली कॅथॉलिक वस्ती यायला आणखी शंभरेक वर्षे जावी लागली, आणि ती आली ती रुळांवरून.

१८५० आणि १८६० : रूळ आणि रेल्वेची माणसे

१२ मे १८५६ रोजी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गाडी धावू लागली. पुढे बोरघाट होता. घाट फोडण्याचे काम १८५६ ते १८६३ असे सात वर्षे चालले. एका हंगामात कामावर बेचाळीस हजार मजूर असल्याची नोंद आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. पंचवीस बोगदे, आठ पूल, आणि पटकी-हिवतापाने गेलेल्या मजुरांची तर गणतीच नाही. त्यांच्या मुलांसाठी त्या सात वर्षांत अक्षरओळखीची काय सोय होती, हा प्रश्न विचारायला हवा. आज याच तालुक्यांतल्या वीटभट्ट्यांवर तोच प्रश्न उभा आहे, त्याकडे पुढे येईन.

रूळ तयार झाले तसे चालक, गार्ड, फिटर, तारबाबू आले. त्यांत गोव्याचे, मुंबई-साष्टीचे ईस्ट इंडियन आणि अँग्लो-इंडियन कॅथॉलिक पुष्कळ. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागत, म्हणून कर्जत हे रेल्वेचे गाव झाले. अशा गावी आधी प्रार्थना सुरू होते आणि मग मुलांच्या शिक्षणाची चिंता लागते.

ती चिंता वाहायला मुंबईत संस्था उभ्या राहत होत्या. बिशप हार्टमन यांच्या काळात, १८५० मध्ये ‘एक्झॅमिनर’ हे कॅथॉलिक साप्ताहिक सुरू झाले. १८५० च्याच दशकात जेझुइट मुंबईत परतले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी अनुदानाची पद्धत घालून दिली. शाळा कोणत्या धर्माची हे न पाहता, तिथे लौकिक विषय नीट शिकवले जातात का एवढे तपासून सरकारने मदत द्यायची, असे तिचे सूत्र. मिशनच्या शाळांना या सूत्राने बळ दिले आणि सरकारी तपासनिसाला वर्गात आणून बसवले. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू झाली, माझगावची सेंट मेरीज १८६४ मध्ये आणि सेंट झेवियर्स १८६९ मध्ये. आडवळणाच्या स्टेशनांवर राहणाऱ्या कुटुंबांना बोर्डिंगचा आधार असे. सहा-सात वर्षांचे मूल ट्रंकेसह गाडीत बसवून द्यायचे आणि सुट्टीत परत आणायला जायचे. आईबापांसाठी ते सोपे नव्हते.

१८८० आणि १८९० : एक घाट, दोन धर्मप्रांत

१ सप्टेंबर १८८६ रोजी मुंबई महाधर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याच वर्षी पुणे धर्मप्रांतही. तेव्हापासून घाटावरचे खंडाळा-लोणावळे पुण्याकडे आणि घाटाखालचे कर्जत-खोपोली मुंबईकडे. पोर्तुगालचा पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाचा चर्चवरचा आश्रयाधिकार) आणि रोमचे प्रोपगांदा (पोपचे धर्मप्रसार खाते) यांच्यात अधिकारक्षेत्रावरून बराच काळ वाद होता. मुंबईतले दुहेरी अधिकारक्षेत्र १९२८ च्या कराराने संपले. त्या काळातही दोन्हीकडच्या शाळांचे वर्ग चालू राहिले, एवढे नोंदवले की पुरे.

या दशकांचे खरे श्रेय धर्मभगिनींना द्यायला हवे. फ्रान्समध्ये ल्योंला १८१८ मध्ये क्लॉदीन तेवने यांनी स्थापन केलेल्या जीझस अँड मेरी संघाच्या भगिनी १८४२ मध्ये आग्र्याला पोचल्या आणि पुढे मुंबई-पुण्याकडे आल्या. बेल्जियममधल्या लिएजला १८३३ मध्ये स्थापन झालेल्या डॉटर्स ऑफ द क्रॉस १८६० च्या दशकात कराची आणि वांद्रे इथे कामाला लागल्या, आणि १८९५ मध्ये त्यांनी पाचगणीला सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट काढले. मंगळूरला १८७० मध्ये ॲपोस्टोलिक कार्मेल संघाचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात मुलींच्या शाळेची वाट सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात घालून दिली होती. भगिनींनी वेगळी गोष्ट आणली. कितीही शिकलेली स्त्री असो, तिने बालवर्ग घ्यायचा आणि तो आयुष्यभर घ्यायचा, यात तिला कमीपणा वाटत नसे. तिला दुसरा संसार नव्हता, बढतीची वाट पाहायची नव्हती.

याचे मूळ आणखी मागे जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या बोलीतून वाचायला शिकवले, एकेकट्याला शिकवण्याऐवजी वर्ग पाडले, आणि प्राथमिक शिक्षकाचे काम हे व्रत ठरवले. १९५० मध्ये पोपनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आज ‘इयत्ता’ आपण गृहीत धरतो, पण ती रुळवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

१९१० आणि १९२० : वीज, युद्ध, बदललेली माणसे

१९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र चालू झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे. घाटावरच्या धरणांचे पाणी खाली येऊन मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. त्या केंद्रांच्या वसाहतींनी घाटाखाली आणखी काही कुटुंबे आणली. पहिल्या महायुद्धात मुंबई मिशनमधल्या जर्मन जेझुइटांना देश सोडावा लागला. १९२० च्या दशकात त्यांच्या जागी स्पेनमधून धर्मगुरू आले. इतिहासकार फादर हेरास १९२२ मध्ये आले ते त्यांच्यातलेच. या सगळ्या उलथापालथीत प्राथमिक वर्ग बंद पडले नाहीत ते स्थानिक शिक्षकांमुळे. तुटपुंज्या पगारावर सकाळी शाळा, संध्याकाळी धर्मशिक्षण आणि रविवारी गायनवृंद सांभाळणारे हे मास्तर जुन्या अहवालांत बहुतेक वेळा नावाशिवायच येतात. त्यांना या पानावरून वंदन.

१९४० : भाई कोतवालांच्या शाळा

या दशकात कर्जत तालुक्यातले सर्वांत मोठे प्राथमिक शिक्षणाचे काम कोणत्याही मिशनने केले नाही, आणि ते प्रांजळपणे सांगणे हा इतिहास लिहिणाऱ्याचा धर्म आहे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच हुतात्मा भाई कोतवाल, यांनी तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी बेचाळीस स्वयंसेवी शाळा काढल्या आणि धान्यपेढी सुरू केली. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते व हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. शेतकऱ्याचे मूल शिकू शकते आणि त्यासाठी शाळेने त्याच्या गावात जायचे असते, हे या तालुक्याने त्यांच्याकडून पाहिले. पुढे इथे आलेल्या प्रत्येक शाळेला, आमच्याही, ती जमीन आयती मिळाली.

१९५० : राज्यघटनेच्या छायेत

१९५० मध्ये वालेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. त्यांच्या आधीचे आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी भारतीय व्यक्तीला जागा मिळावी म्हणून स्वतःहून वाट मोकळी केली होती. शाळांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना म्हणजे राज्यघटना. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ ने सांगितले की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची.

या दोन कलमांमधून आपल्या शाळांच्या वेळापत्रकात एक तास तयार झाला, जो दुसऱ्या शाळांत क्वचित दिसतो. घंटा होते, कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणासाठी वेगळ्या खोलीत जातात आणि बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास सुरू होतो. काही मिनिटांनी सगळी पुन्हा एका बाकावर. “तुम्हाला काय शिकवलं?” ही देवाणघेवाण मग मधल्या सुट्टीत डब्यावर होते. आपल्यापेक्षा वेगळी प्रार्थना करणारा मुलगा आपला जवळचा मित्र असू शकतो, हे मूल वयाच्या सहाव्या वर्षी कोणत्याही भाषणाशिवाय शिकते.

१९६० : कारखाने आणि परिषद

महाराष्ट्र राज्य झाले आणि घाटाखालचा नकाशा बदलू लागला. रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आली, खोपोलीत पोलाद आणि पाइपचे कारखाने आले. कारखान्यांबरोबर केरळ, तमिळनाडू, पंजाब, बिहार अशा सर्व प्रांतांची कुटुंबे आली. बदलीची नोकरी करणाऱ्या बापाला हवी असते इंग्रजी माध्यमाची, कुठेही दाखला चालेल अशी शाळा. कामगार वसाहतींना कॉन्व्हेंट हवेसे झाले ते असे. तोवर कॅथॉलिक शाळा मुख्यतः आपल्या माणसांची होती. आता तिच्यातली बहुतेक मुले इतर धर्मांची असणार होती. दक्षिणेकडून आलेल्या तरुण भगिनींनी मराठी शिकायला सुरुवात केली ती बाजारात भाजी घेताना आणि पालकांशी बोलताना.

याच वेळी चर्चही बदलत होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत जागतिक युखरिस्तिक परिषद भरली आणि पोप पॉल सहावे आले. भारतात आलेले ते पहिले पोप. व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली आणि मराठी मिस्सा गावोगावी ऐकू येऊ लागली. १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्याने स्पष्ट म्हटले की मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्याचे आईवडील आहेत आणि शाळा त्यांच्या मदतीला आहे. पालकसभा आज साधी गोष्ट वाटते. पण गिरणीत किंवा भट्टीवर काम करणाऱ्या बापाला खुर्ची देऊन, समोर बसवून, “मुलगा घरी काय बोलतो?” असे विचारणे हा त्या काळी मोठाच पालट होता.

१९७० : शाळा कोणासाठी?

१९६९ मध्ये बंगळूरला ‘आजच्या भारतातील चर्च’ या विषयावर अखिल भारतीय परिसंवाद झाला. १९७४-७५ च्या आपल्या महासभेत जेझुइटांनी श्रद्धा आणि न्याय यांची सांगड घातली. आपल्या चांगल्या शाळांत कोण शिकते आणि कोण बाहेर राहते, हा प्रश्न सर्वच संघांत विचारला जाऊ लागला. त्यावर मतभिन्नता होती, चर्चा झाल्या, काहींनी शहरातच राहून काम वाढवले, काही खेड्यांकडे गेले. दोन्ही मार्गांनी काम पुढेच गेले.

कर्जत-खालापूरमध्ये या प्रश्नाला चेहरा आहे. माथेरानच्या आणि इर्शाळगडाच्या उतारांवर, भीमाशंकरच्या बाजूच्या खोऱ्यांत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कधी काळी खैरापासून कात पाडणारा हा समाज. जंगल हातचे गेले तसा तो वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर आला. भातकापणी आटोपली की दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कुटुंब निघते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मुलाचे शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि नोव्हेंबरात संपते. जूनमध्ये ते पुन्हा पहिलीत बसते, या वेळी आपल्याहून लहान मुलांबरोबर. दोन-तीनदा असे झाले की ते येणे सोडते. यात आळस कुणाचाच नसतो.

पालघरकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला याच प्रश्नावर काम केले होते. मूल गुरे घेऊन कुरणात जाते तर शाळाही कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. मिशनकडे दुसरा उपाय होता, बोर्डिंग. आईबाप भट्टीवर गेले तरी मूल वसतिगृहात राहील आणि वर्ष वाया जाणार नाही. मूल आईपासून दूर राहते ही त्याची किंमत, आणि ती लहान नाही. तरीही रायगडच्या आदिवासी भागात पहिली पिढी शिकली ती बहुतांशी सरकारी आश्रमशाळांतून आणि अशा वसतिगृहांतून. आमच्या शाळांचा त्यातला वाटा अधिक असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

१९८० आणि १९९० : वर्गात डोकावून

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्हा रायगड झाला. ही दोन दशके बांधकामाची आणि तुकड्या वाढण्याची. पालकांची देणगी, धर्मग्रामांची मदत, संघांचा निधी यांतून कौलांच्या जागी स्लॅब आले. या काळाचे वर्णन इमारतींपेक्षा एखाद्या वर्गातून करणे बरे.

जुलैची सकाळ. घाटाखालचा पाऊस, म्हणजे फाटकापासून व्हरांड्यापर्यंत येईतो मुले निथळलेली. खुंट्यांवर रेनकोटांची रांग, खाली पाण्याचे थारोळे, आणि मावशी पोते घेऊन ते टिपत असतात. फाटकाशी सिस्टर छत्री धरून उभ्या. लोकलने नेरळहून आलेल्या मुलीला विचारतात, “आजी घरी आली का दवाखान्यातून?” पहिलीच्या वर्गात ‘गुड मॉर्निंग टीऽऽचर’ लांबवत म्हटले जाते, मग डोळे मिटून हात जोडून प्रार्थना, आजारी असलेल्या मुलाचे नाव घेऊन. मग चार रेघांच्या वहीत आजचे अक्षर. टीचर फळ्यावर काढून थांबत नाहीत, बाकाबाकाशी जाऊन मुलाच्या हातावर हात ठेवून एकदा गिरवून घेतात. एखाद्याने चप्पल घातली आहे. बूट भिजले की दुसरा जोड नसतो, हे टीचरना ठाऊक असते, म्हणून त्या दिवशी त्याला कोणी बोलत नाही. शिस्त म्हणतात ती हीसुद्धा असते, कोणाला केव्हा बोलायचे नाही हे माहीत असण्याची.

डिसेंबरात गवत, माती, जुने पुठ्ठे आणून गव्हाणीचा देखावा मांडायचा. त्यात भाताचा पेंढा मुलेच घरच्या उडवीतून आणतात. उपवासकाळात गरजूंसाठी मूठभर तांदूळ. गणपतीच्या सुट्टीनंतर मोदकाचे डबे आणि ईदनंतर शिरखुर्मा सिस्टरांच्या टेबलावर येतोच. हे सर्व कुठल्याही परिपत्रकात नाही. टीचर मंडळी, लेखनिक, शिपाई, मावशी, बसचे चालक, धर्मगुरू आणि भगिनी सर्वांनी मिळून वर्षानुवर्षे ते चालवले, म्हणून कोणा एकाचे नाव इथे वेगळे काढत नाही.

२००० : महामार्ग, इंग्रजी आणि एक धोरण

२००० मध्ये राज्य सरकारने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणले. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर टोलनाक्याने देशभर ओळखीचे झाले. जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊस आली, इंग्रजी शाळा गल्लोगल्ली निघाल्या. कॅथॉलिक शाळेचे इंग्रजीमुळे असलेले वेगळेपण त्यामुळे उरले नाही, आणि ते बरेच झाले, कारण ते तिचे खरे वेगळेपण कधी नव्हतेच. या लाटेत चर्चच्या मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या मात्र सगळीकडे घसरली. मराठीतून प्रार्थना करणाऱ्या समाजाने आपल्याच मराठी शाळांकडे पाठ फिरवावी, याचे दुःख व्यक्त केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

२००७ मध्ये भारतीय बिशप परिषदेने अखिल भारतीय कॅथॉलिक शिक्षण धोरण जाहीर केले. गरीब, दलित आणि आदिवासी मुलांना प्राधान्य, असे त्याने नि:संदिग्ध शब्दांत सांगितले.

२०१० : कायद्याची सूट

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. खासगी शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात, अशी त्यात तरतूद आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रमती’ निकालात अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. कलम ३० चे रक्षण म्हणून निकाल महत्त्वाचा आहे आणि संस्थांची स्वायत्तता त्याने जपली. परंतु सूट मिळाली म्हणून काम संपत नाही. २००७ चे धोरण आपणच आपल्यावर घालून घेतलेले आहे आणि त्यातून कोणत्याही न्यायालयाने आपल्याला सोडवलेले नाही. फी-माफी, पुस्तके, गणवेश अशी मदत बहुतेक शाळा गाजावाजा न करता करतात, कारण मदत घेणाऱ्या मुलाचे नाव वर्गाला कळू नये हा जुना दंडक आहे.

२०२० आणि पुढे

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडावर आदळले, घरांचे पत्रे उडाले, वीज गेली. पहिली-दुसरीची मुले डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गात येऊ शकली नाहीत. ऑनलाइन वर्ग स्टेशनजवळच्या घरांत पोचले. वाडीवर ना रेंज ना दुसरा फोन. परतल्यावर तिसरीच्या मुलाला पहिलीचे अक्षर शिकवावे लागले, आणि शिक्षकांनी ते न कुरकुरता केले. हातावर हात ठेवून गिरवण्याची जुनी पद्धत तेव्हा कामी आली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. आश्रमशाळेत राहणारी मुले त्या रात्री वाडीत नव्हती म्हणून वाचली. त्यांतल्या काहींना परतायला घर उरले नाही, कुणाचे आईबापही उरले नाहीत. या दोन तालुक्यांत शाळेविषयी बोलताना ही रात्र वगळून बोलता येत नाही.

२०२४ मध्ये बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने शाळांना सूचना पाठवल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती रीती लादू नयेत, रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवावी. २५ जानेवारी २०२५ रोजी जॉन रॉड्रिग्स यांनी कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडून मुंबई महाधर्मप्रांताची धुरा घेतली. आणि ऑक्टोबरात, १९६५ च्या जाहीरनाम्याच्या साठीनिमित्त, पोप लिओ यांनी शिक्षणाविषयी ‘आशेचे नवे नकाशे रेखाटताना’ या अर्थाच्या शीर्षकाचे पत्र काढले.

आज शाळांत भगिनींची संख्या कमी होत चालली आहे. बहुतेक वर्ग गृहस्थ शिक्षिका सांभाळतात. त्यांतल्या पुष्कळ कॅथॉलिक नाहीत आणि तरीही त्यांनी ही रीत अंगी बाणवली आहे. परंपरा टिकणार असेल तर त्यांच्यामुळे, म्हणून त्यांच्या पगाराची, प्रशिक्षणाची आणि मानाची काळजी हे पुढच्या काळातले पहिले काम. दुसरे काम वाड्यांचे. ठाकरी-कातकरी बोली येणारी एक तरी सहायिका बालवर्गात असावी, वाडीवरून बस यावी, भट्टीच्या हंगामात मुलाच्या राहण्याची सोय आश्रमशाळांशी बोलून आधीच ठरावी. यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये नाव घालतानाच नाव, वाडी आणि आईच्या फोन नंबराच्या जोडीला आणखी एक रकाना भरून घेता येतो : भातकापणीनंतर कुटुंब कुठे जाणार आहे, आणि केव्हा परतणार.